गाठ कोणत्या वाटेनं जाते?

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय मोठ्या आतड्याचा कॅन्सर. त्यातला एकच प्रश्न आज घेतो: हा आजार पसरतो तो कोणत्या वाटांनी? सुरी कुठून फिरवायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं, आणि नीट उत्तर मिळायला पाऊणशे वर्षं गेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अर्नेस्ट माइल्स नावाचे सर्जन होते. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. तिथली गाठ तेव्हा खालून, गुदद्वाराच्या बाजूनं काढत. रुग्ण घरी जायचा आणि तीन वर्षांच्या आत शंभरातल्या पंच्याण्णव जणांना आजार पुन्हा गाठायचा. माइल्स यांनी हे नशिबावर सोडलं नाही. दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं केली. आजार वर सापडला, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात आणि तिथल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे शरीरातला द्रव गाळणाऱ्या बारीक ग्रंथींत. खालून घातलेला हात तिथवर पोचतच नव्हता. १९०८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी पोटातून आणि खालून, अशा दोन्ही बाजूंनी करायची शस्त्रक्रिया मांडली. पहिल्या बारा रुग्णांपैकी पाच जण शस्त्रक्रियेनंतर दगावले. अँटिबायोटिक्स नव्हती, आजच्यासारखी रक्तपेढी नव्हती. जे वाचले त्यांच्या पोटावर शौचासाठी कायमची पिशवी आली.

आजार वर, बाजूला आणि खाली पसरतो, असं माइल्स म्हणत. वरचं अगदी बरोबर ठरलं. खालच्या दिशेचं मात्र पुढे शस्त्रक्रियेत काढलेली आतडी पॅथॉलॉजिस्टांनी, म्हणजे काढलेला भाग तपासणाऱ्या डॉक्टरांनी, बारकाईनं तपासली तेव्हा टिकलं नाही. आतड्याच्या भिंतीतून आजार फार खाली क्वचितच उतरतो. म्हणजे बऱ्याच रुग्णांचं गुदद्वार वाचवता येणार होतं. तरी ओटीपोटात गाठी पुन्हा येतच राहिल्या. का?

याचं उत्तर बिल हील्ड यांनी दिलं. हे गृहस्थ लंडनच्या नामवंत संस्थेत नव्हते, बेसिंगस्टोक नावाच्या गावातल्या जिल्हा रुग्णालयात काम करत होते. आपल्या नाशिकच्या तरुण सर्जननी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी त्यातच असतात. १९८२ साली हील्ड आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्ण नोंदवले. गाठीच्या खालच्या कडेपासून काही सेंटिमीटर खाली, त्या चरबीत, कॅन्सरचे सूक्ष्म ठिपके होते. भिंत स्वच्छ, पण चरबीत आजार! नेहमीच्या शस्त्रक्रियेत ही चरबी बरीचशी आतच राहायची.

गर्भात गुदाशय आणि हे आवरण एकत्रच वाढतात. म्हणून त्यांच्या आणि ओटीपोटाच्या भिंतीच्या मध्ये जवळजवळ रक्तहीन असा विरळ थर असतो. पूर्वी सर्जन तिथे हात घालून अंदाजानं सोडवत, आणि आवरण फाटे. हील्ड म्हणाले, डोळ्यांनी बघत, धारदार अवजारानं त्या थरातूनच चाला आणि आवरण अखंड बाहेर काढा. त्यांच्या रुग्णांत ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. लघवीच्या आणि लैंगिक कार्याच्या नसाही जास्त वाचू लागल्या.

ही त्यांच्या एकट्याच्या हाताची करामत असेल, अशी शंका होतीच. १९९० च्या दशकात स्टॉकहोम परिसरातल्या सर्जननी हे तंत्र रीतसर शिकून घेतलं. तिथे आजार परतण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, कायमची पिशवी लागणारेही निम्म्यावर आले. या बदलामागे कुठलं नवं औषध नव्हतं. मला वैद्यकाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट वाटते.

म्हणून नातेवाइकांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट फाइलमध्ये नुसता लावून ठेवू नये. आवरण अखंड आहे का, कडेपर्यंत आजार आलाय का, निदान बारा लसिकाग्रंथी तपासल्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. चांगला सर्जन रागावत नाही.

सिन्नर, निफाड, सुरगाण्याहून येणारे रुग्ण कित्येकदा महिनोन् महिने मूळव्याधीचं औषध घेऊन आलेले असतात. शौचातून रक्त जातं म्हणजे मूळव्याधच, असं घरच्यांनी ठरवलेलं असतं. बोटानं तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ पुष्कळदा बोटालाच लागते. लाजेपायी ती दोन मिनिटं टाळू नका. मग दुर्बिणीची तपासणी.

आता रक्तावाटे होणारा प्रसार. त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेलं पाणी गंगापूर धरणात येतं आणि गाळ तिथे बसतो. तसं आतड्याचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात जातं, म्हणून आजाराचं पहिलं दूरचं ठाणं बहुधा यकृत. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं काही रक्त मात्र यकृत टाळून थेट हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसांत जातं, त्यामुळे तिथल्या गाठीत फुप्फुसंही सुरुवातीपासून बघावी लागतात.

यकृतात डाग दिसला की घरात रडारड सुरू होते. ती समजते मला. पण डाग मोजके असतील आणि पुरेसं निरोगी यकृत मागे राहणार असेल, तर ते कापून काढता येतात. अशा निवडक रुग्णांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही हयात असतात. काहींना आधी केमोथेरपी देऊन डाग लहान करता येतात. तेव्हा यकृताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला सीटी स्कॅन दाखवल्याशिवाय ‘आता घरी न्या’ हे ऐकून उठू नका.