छाटणी आणि गारपीट

[दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. एप्रिलची सकाळ. कात्र्यांची कचकच.]

माल निघाला की नाशिकच्या बागांमध्ये खरड छाटणी सुरू होते. मार्चअखेर ते एप्रिल. गेल्या हंगामात जिनं घड दिले ती काडी कापायची आणि ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीवर, तिचा एक डोळा राखायचा. डोळा म्हणजे जिथून नवी फूट निघते ती जागा. आठवड्यापूर्वी जिथं सावली होती तिथं आता खोडं, तारा आणि खाली काड्यांचा खच. नवख्याला वाटावं, बाग मोडली.

या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचताना फार समजावून सांगावं लागत नाही. ‘मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे.’ मंडळीत बसलेल्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या हाताला कात्रीचे घट्टे असतात. दुसऱ्या वचनात दोन कामं सांगितली आहेत. फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो, आणि फळ देणारा साफसूफ करतो. मूळ ग्रीकमध्ये हे दोन शब्द एकमेकांशी यमक जुळावं इतके जवळचे आहेत : आयरेई आणि कथायरेई. पुढच्याच वचनात येशू शिष्यांना ‘तुम्ही शुद्ध झालाच आहात’ म्हणतो, तिथला ‘शुद्ध’ही त्याच दुसऱ्या शब्दाच्या घरातला. म्हणजे कात्री लागते ती फळ दिलेल्या फाट्याला. बागाईतदाराला यात नवल वाटत नाही. जुन्या काडीवर पुढचं पीक धरत नाही, हे तो जाणतो.

इथवर सगळं सरळ आहे. गोंधळ होतो तो पुढे.

[दृश्य : गारांनी झोडपलेली बाग. फुटलेले मणी, फाटलेली पानं.]

फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल अगदी तयार असताना, कधी कधी गारा पडतात. दहा मिनिटांचं काम. मणी फुटतात, रस गळतो, कूज लागते. काडीवर जखमा होतात त्या वेगळ्याच. अशा घरी, किंवा जिथं तरुण माणूस गेलं अशा घरी, भेटायला आलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘देव तुमची छाटणी करतोय.’ हेतू चांगला असतो. पण बागेत उभं राहून हे वाक्य कुणी म्हणणार नाही. छाटणीला माप असतं. किती डोळे ठेवायचे, कुठं कापायचं, कधी कापायचं, हे ठरलेलं असतं, आणि कापणारा वेल ओळखत असतो. गारेला यातलं काही नसतं. वचनात पित्याला माळी म्हटलंय. गारपीट म्हटलेलं नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो : नाही. बुरूज का पडला, हे मात्र तो सांगत नाही.

[दृश्य : शरणपूर रोड. रहदारी. संत आंद्रिया चर्चचं आवार.]

शरणपूर हे नावच बोलकं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथं आणली गेली. त्यांना अक्षरओळख आणि हातांना धंदा मिळाला. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्यावरचा अंत्यविधी यानं वाचला, झाडाच्या बुंध्यावर त्यांचं नाव कोरलं, आणि पुढे शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. लहानपणी विकल्या गेलेल्या मुलाला ‘तुझी छाटणी झाली’ असं कोण सांगेल? त्याला आधी कुणीतरी शरण द्यावं लागलं.

[दृश्य : संध्याकाळ. घर. चटईवर बसलेलं कुटुंब, मध्ये पवित्र शास्त्र.]

मग गारपिटीचं करायचं काय? स्तोत्रसंहितेत त्याची सोय आहे. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ अशी होते, आणि तो प्रश्न पहिल्या दोन वचनांत पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते प्रार्थनाच आहे, कारण तक्रार देवाच्या पाठीमागे केलेली नाही, त्याच्या तोंडावर केली आहे. घरच्या उपासनेत मात्र नेमकी हीच स्तोत्रं गाळली जातात. तेविसावं पाठ असतं, अठ्ठ्याऐंशीव्याची पानं करकरीत राहतात.

उपाय साधा आहे : क्रमानं वाचा. रोज एक स्तोत्र धरलं तर दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात, आणि नको ती आपोआप वाट्याला येतात. एकशे एकोणिसावं एका बैठकीत घेऊ नका. त्यात 176 वचनं आहेत. आठ-आठ वचनांचे त्याचे बावीस भाग पडलेलेच आहेत, तसंच वाचा.

घरची उपासना बंद पडते ती बहुतेक लांबीमुळे. वडीलधाऱ्यानं प्रार्थनेत सगळं गाव घेतलं की धाकटा झोपतो आणि मोठा मोबाइल शोधतो. वीस मिनिटं पुरेत. एक गीत, तेही दोन-तीन कडव्यांचं. एक स्तोत्र. शुभवर्तमानातली दहा-पंधरा वचनं, वाचणारा रोज वेगळा. मग प्रत्येकानं दोन वाक्यं : एक आभाराचं, एक मागण्याचं. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. वेळ जेवणाआधीची बरी. जेवण झालं की पेंग येते. कॅथलिक घरांत जपमाळ असते. तिची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हणायला तेवढाच वेळ लागतो, आणि तिथंही घाई झाली की शब्द एकमेकांवर चढतात.

एक वही ठेवावी. डावीकडे मागणं आणि तारीख. उजवीकडे काय झालं ते, तारखेसह. ‘नाही’ हे उत्तरही लिहावं. काही ओळींची उजवी बाजू वर्षानुवर्षं कोरी राहते. ती कोरीच राहू द्यावी. मनानं उत्तरं रचून भरली की मग वही खोटी होते. गेथशेमाने बागेत येशूनं ‘हा प्याला टळून जावो’ असं मागितलं. प्याला टळला नाही. आणि द्राक्षवेलाचा दाखला त्यानं सांगितला तो त्याच रात्री, अटकेच्या काही तास आधी.

[दृश्य : मे महिना. कोवळ्या फुटी. विरळणी करणाऱ्या बाया.]

खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्याच्या आत सूक्ष्मघड, म्हणजे पुढच्या घडाचा इवलासा अंकुर, तयार होतो. ऑक्टोबरनंतर जे पीक दिसणार ते इथं ठरतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. या दिवसांत डोळ्याला ऊन लागतं. म्हणून फुटींची गर्दी काढायची. पाणी आणि नत्र हात राखून द्यायचं, नाहीतर काडी माजते. हिरवीगार, जोमदार, आणि घड नाही. याच दिवसांत ढगाळ राहिलं तर तेही नडतं, आणि त्यावर माणसाचा इलाज थोडाच चालतो.

‘तुम्ही माझ्यामध्ये राहा,’ असं योहानाच्या त्याच पंधराव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आहे. राहणं हे मे महिन्यातलं काम आहे. मुलाचा डबा, सासऱ्यांची औषधाची वेळ, दुकानातला सरळ काटा, मजुराला शनिवारी न मागता दिलेला पगार. यात देव भेटल्यासारखं काही वाटत नाही, आणि वाटायला हवं असंही नाही.

पैशाबद्दल थोडं. बरीच कुटुंबं दशांश काढतात. पगारदाराला ते सोपं. बागाईतदाराचा पैसा वर्षातून एकदाच येतो, आणि त्यात औषधं, मजुरी, बँकेचा हप्ता असतो. दहावा भाग खर्च वजा करून काढायचा की न करता, हे हंगामाआधी नवरा-बायकोनं बसून ठरवावं. हातात पैसा आल्यावर हिशेब नेहमी आपल्या बाजूनं वळतो. ‘द्याल त्याच्या दुप्पट मिळेल’ असं सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल एवढंच लिहितो, की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, द्यावं लागतं म्हणून नको.

[दृश्य : चर्चचं आवार. टेबलावर कांदे, पेरू, अंडी, गव्हाची पायली, द्राक्षांची पेटी.]

हंगामाच्या सणाला जो तो पिकलेलं घेऊन येतो. उपासनेनंतर लिलाव. एका लिंबाची बोली बाजाराच्या कितीतरी पट चढते, घेणारा ते पुन्हा लिलावालाच देतो, आणि आवारात हशा पिकतो. ज्याची बाग गेली तोही येतो. त्याच्या पिशवीत बांधावरच्या शेवग्याच्या चार शेंगा असतात. बोली लावणारे ते ओळखतात, आणि त्या शेंगा स्वस्तात जात नाहीत.

[दृश्य : ऑक्टोबर. काडी तपासणी. सूक्ष्मदर्शकाखाली चिरलेला डोळा.]

फळछाटणी म्हणजे घड यावेत म्हणून केलेली वर्षातली दुसरी छाटणी. तिच्याआधी काड्यांचे नमुने तपासून घेतात. डोळा चिरून पाहायचा, घड कितव्या डोळ्यात आहे ते बघायचं, आणि त्याप्रमाणे सहा, सात किंवा आठ डोळ्यांवर काप घ्यायचा. काप झाला की डोळ्यांना पेस्ट लावतात, फूट एकसारखी निघावी म्हणून. आठ-दहा दिवसांनी डोळे फुगतात. मग रोज सकाळी बागेत जायचं आणि फूट वाकवून बघायचं, घड आहे की नुसती बाळी, म्हणजे घडाऐवजी आलेला तणावा.

[दृश्य : एक हात फूट हलकेच वाकवतो. कॅमेरा जवळ जातो. फूट अजून मिटलेली आहे.]