मोर्चामागचा माणूस: बेयार्ड रस्टिन

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टन. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आणि रोजगारासाठी निघालेला मोर्चा. लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांपासून तळ्याच्या दोन्ही काठांनी, नजर पोहोचेल तिथवर माणसंच माणसं. सुमारे अडीच लाख. हे दृश्य आपण अनेकदा पाहिलंय, त्यासोबत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा आवाजही ऐकलाय. आज मात्र जरा वेगळे प्रश्न विचारू या. एवढ्या लोकांच्या पाण्याची सोय कुणी केली? शौचालयं कुठे होती? पार मागे बसलेल्याला भाषण ऐकू कसं गेलं? आणि अंधार पडायच्या आत ही सगळी गर्दी शहराबाहेर निघालीही कशी?

हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. बेयार्ड रस्टिन.

हातात जेमतेम दोन महिने. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, १३०व्या रस्त्यावरच्या एका इमारतीत त्यांनी कचेरी थाटली. गावोगावच्या कार्यकर्त्यांसाठी माहितीपुस्तिका छापली. बसगाड्या कशा ठरवायच्या इथपासून ते खाण्याच्या डब्यात काय आणायचं इथपर्यंत सगळं तिच्यात होतं. पीनट बटर आणि जेलीचं सँडविच चालेल, उन्हात नासेल असं काही नको. ऑगस्टच्या उकाड्यात पोट बिघडलेली माणसं मोर्चात कशी चालणार? तिकडे रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवक रात्रभर खपून चीज सँडविचचे ८०,००० डबे भरत होते.

ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत तर ते हटूनच बसले. यंत्रणा उत्तमातली उत्तमच हवी. लोकांना ऐकू आलं नाही की चलबिचल सुरू होते, चलबिचलीतून धक्काबुक्की, आणि दंगा व्हावा म्हणून टपून बसलेल्यांना तेच हवं होतं. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय पोलिसांना त्यांनी बंदोबस्तासाठी तयार केलं, पण शस्त्राविना.

ही शिस्त आली कुठून? रस्टिन यांचा जन्म १९१२चा, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरचा. क्वेकर, म्हणजे अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, विचारांच्या आजीने त्यांना वाढवलं. १९४२मध्ये लुइव्हिलहून नॅशव्हिलला जाताना ते बसच्या मागच्या बाकांवर बसायला तयार झाले नाहीत. पोलिसांनी बडवून काढलं. बसमधली जागा सोडायला नकार देऊन पुढे गाजलेल्या रोझा पार्क्स यांच्या आधी तेरा वर्षं! दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगवास झाला. १९४७मध्ये आंतरराज्य बसमधला वर्णभेद मोडायला काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र प्रवासाला निघाले, त्यातही ते होते. त्याची किंमत म्हणून नॉर्थ कॅरोलायनात २२ दिवस कैद्यांच्या टोळीत सक्तमजुरी केली. १९४८मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांना भेटायला ते भारतात आले.

१९५६मध्ये ते अलाबामातल्या माँटगोमेरीला पोहोचले, तेव्हा तिथे बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस बहिष्काराचं नेतृत्व करणारे किंग अवघे २७ वर्षांचे होते. घरावर बाँब पडून गेलेला, त्यामुळे रक्षणासाठी घरात हत्यारं. रस्टिन यांच्यासोबतचा पत्रकार एका खुर्चीत बसणार, एवढ्यात रस्टिन ओरडले. खुर्चीत पिस्तूल होतं! अहिंसा हा केवळ डावपेच नाही, ती घराच्या आतही पाळावी लागते, हे तरुण किंगना पटवणाऱ्यांमध्ये रस्टिन होते.

मग एवढा मोठा माणूस पडद्याआड का राहिला? कारण ते समलिंगी होते, आणि ते लपवत नव्हते. १९५३मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात याच कारणावरून त्यांना अटक झाली, ६० दिवसांची शिक्षा झाली. विरोधकांनी ते हत्यार वापरलं हे समजू शकतं. पण १९६०मध्ये किंग यांनीही त्यांना दूर जाऊ दिलं, हे जास्त बोचतं. मोर्चाच्या तोंडावर वर्णभेदाचे कट्टर समर्थक सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये उभं राहून त्यांचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडलं. या वेळी मात्र ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ तसूभर हलले नाहीत. रस्टिन जागचे हलले नाहीत, आणि मोर्चा निघाला.

त्या दिवशी मागण्या वाचून दाखवल्या त्या रस्टिन यांनीच. वर्णभेद संपवा, ही मागणी होतीच. शिवाय रोजगार हवा, तासाला किमान दोन डॉलर मजुरी हवी. १९६४मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला, १९६५मध्ये मतदानाच्या हक्काचा. तरी रस्टिन विचारत राहिले: हॉटेलचं दार उघडलं, पण आत जाऊन खायला खिशात पैसे नसतील तर? चळवळीने आता रस्त्यावरून राजकारणात उतरावं, असं ते म्हणू लागले. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी ते सरकारविरुद्ध हवे तितके बोलले नाहीत, म्हणून जुने सोबती दुखावले. ती नाराजी अनाठायी नव्हती.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते समलिंगी हक्कांसाठी उघडपणे उभे राहिले. २४ ऑगस्ट १९८७ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. २०१३मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना मरणोत्तर स्वातंत्र्य पदक दिलं. पॅसाडिनाची शिक्षा मात्र कागदोपत्री तशीच होती. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी ती २०२०मध्ये माफ केली, आणि त्याच वेळी अशाच कायद्यांखाली शिक्षा झालेल्या इतरांनाही माफीसाठी अर्ज करण्याची वाट मोकळी करून दिली.