नळीतली हवा : सँडर चालवणाऱ्या हातांसाठी

(दृश्य : होटगी रस्त्यावरचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. कारच्या दारावर सँडर – हवेच्या जोरावर घासायचा कागद फिरवणारं यंत्र – फिरतोय. कोपऱ्यात कंप्रेसर.)

सोलापुरात हवेची नळी कुठे नाही? मागावरचं तूस उडवायला हवा लागते, पंक्चरवाल्याला लागते, फर्निचरवाल्याला लागते. गाडीच्या रंगकामाचं तर तिच्यावाचून पानही हलत नाही. उघड्या वायरला इथे कुणी हात लावणार नाही. विजेचा धाक सगळ्यांना आहे. हवेला मात्र कुणी भीत नाही. दिसत नाही, शॉक देत नाही, मग भ्यायचं कशाला, असा हिशेब असतो.

कारच्या चाकात साधारण 32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. सँडरला लागते 90. कंप्रेसरच्या टाकीत त्याहून जास्त कोंडलेली असते. हे 90 मोजायचं ते सँडर चालू असताना, कारण खटका दाबला की दाबाचा काटा खाली येतो. लहान कंप्रेसर सँडरला पुरत नाही. मग कारागीर हात जड करतो, दाबून घासतो. दाबलं की पॅडचं फिरणं मंदावतं, कंप वाढतो, पत्र्यावर गोल ओरखडे उठतात. म्हणजे कामही बिघडतं आणि मनगटही.

(दृश्य : संध्याकाळ. पोरगा ब्लो गन, म्हणजे हवेचा झोत मारायची बंदूक, उचलून शर्टावर धरतो.)

“काय करलालास बे? ठेव ती गन खाली!”

“धूळ झटकलालो, वस्ताद.”

वस्ताद ओरडले ते बरं झालं. दिवसभरात सगळ्यात घातकी क्षण कुठला विचाराल, तर हा. हाताला खरचटलेलं असेल, तर ही हवा त्या जखमेतून कातडीखाली शिरू शकते. रक्तात गेली, तर तिचा बुडबुडा जिवावर बेततो. कानाजवळ गेली तर पडदा फाटतो, डोळ्याजवळ गेली तर धुळीचा कण बुबुळात रुततो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत यंत्र साफ करायलासुद्धा 30 पीएसआयच्या आतच हवा वापरायची अट आहे, तीही उडणारे कण अडवायची सोय करून. अंगावर मारायची तर गोष्टच सोडा.

आणि थट्टा. हे स्पष्टच सांगायला हवं. सोबत्याच्या गुदद्वाराशी नळी धरून हवा सोडायची, आणि आतडी फाटून तो दगावायचा, अशा बातम्या आपल्या देशात पुन्हापुन्हा आल्या आहेत. मारणाऱ्याला वाटत असतं, गंमत आहे, हवाच तर आहे. ज्या शेडमध्ये कंप्रेसर आहे, तिथे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायची पहिली गोष्ट हीच असायला हवी.

कपडे साफ करायचे तर व्हॅक्यूम, नाहीतर ओला कपडा. सगळ्यात उत्तम म्हणजे कामाचे कपडे वेगळे ठेवायचे, ते घालून घरी जायचंच नाही.

(दृश्य : भिंतीवरून गेलेली पांढरी पीव्हीसी पाइपलाइन.)

ही पाण्याची पाइप. स्वस्त पडते, म्हणून हवेलाही हीच जोडतात. पाण्याची पीव्हीसी फुटली तर जमीन ओली होते. हवेची फुटली तर तिचे धारदार तुकडे शेडभर उडतात. हवेला लोखंडी पाइप किंवा हवेसाठीच बनवलेली होज हवी, आणि टोकाला तार गुंडाळून नव्हे, नीट क्लिप आवळून.

कागद बदलताना आधी हवा बंद, मग खटका दाबून नळीत उरलेली हवा सोडायची, मग कपलर (नळी सँडरला जोडणारा सांधा) काढायचा, आणि त्यानंतरच पॅडला हात. घाईत नेमकं हेच राहतं. नळी जोडलेली आणि अंगठा चुकून खटक्यावर, एवढंच पुरेसं असतं. हा सँडर मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतो. कागदाच्या डिस्कवर लिहिलेला वेग त्याहून कमी असेल, तर ती लावूच नका. पॅड पत्र्याला टेकवून मगच चालू करा. हवेत मोकळा फिरवला, की कागद सुटून उडतो. चष्मा हवा, कानात बोळे हवेत.

(दृश्य : जवळून – उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी पुट्टीची पांढरी धूळ. कारागिराच्या तोंडाला टॉवेल.)

पूर्वी वॉटर पेपरनं, साबणाच्या पाण्यात हातानं घासायचे. वेळ लागायचा, पण धूळ पाण्याबरोबर खाली जायची. सँडरनं काम झटपट झालं आणि धूळ नाकात आली. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात कोरडं घासणं सोयीचंही वाटतं. सोलापुरी टॉवेलला अंग पुसायला तोड नाही. पण ही बारीक धूळ त्यातून सरळ आरपार जाते. एन-95 किंवा एफएफपी-2 मास्क हवा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला नीट चिकटत नाही. पॅडला भोकं असतात ती धूळ ओढून घेण्यासाठी. तिथे व्हॅक्यूम जोडा. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) पुरता वाळण्याआधी घासू नका, त्यातल्या आयसोसायनेट या रसायनानं दमा जडतो.

गाळप हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या रंगायला येतात. पिवळ्या-केशरी रंगांत शिशाचं क्रोमेट वापरलं जात आलं आहे. भारतात रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. ट्रॉलीचा जुना रंग त्यात बसत नाही. तो घासून झाल्यावर त्याच तळहातावर तंबाखू मळली, की शिसं थेट पोटात. साबणानं हात धुतल्याशिवाय चुना-तंबाखूला, भाकरीला हात लावू नका.

सँडरमधून बाहेर पडणारी हवा गार असते. ती तासन्‌तास बोटांवर येते, त्यात कंप. बोटांना मुंग्या येतात, डिसेंबरच्या सकाळी टोकं पांढरी पडतात, शर्टाचं बटण लावायला जमत नाही. या टप्प्याला काम थांबवून उपचार घेतले तर फरक पडतो. पुढे गेलं की संवेदना परत येत नाही. अधूनमधून सँडर खाली ठेवा, हात चोळून गरम करा, काम आलटून पालटून करा.

(दृश्य : टाकीच्या बुडाचा कॉक उघडतो. तांबूस पाणी.)

हा गंजाचा रंग आहे. हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून खाते. रोज काम संपल्यावर कॉक उघडा. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग अधूनमधून ओढून तो सुटतोय ना बघा. तो गळतो म्हणून बूच मारून बंद करू नका, नवा बसवा.

खोकला जात नसेल, बोटं बधिर होत असतील, तर दवाखान्यात गेल्यावर नुसतं दुखणं सांगू नका. आपण काय घासतो, कशानं घासतो आणि किती वर्षं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. रंगाचा किंवा पुट्टीचा डबा घरात असेल, तर त्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्या.