कूलर उघडतो मार्चमध्ये, बिघडतो जूनमध्ये

(पडद्यावर: दुरुस्तीच्या दुकानाबाहेर फूटपाथवर आडवा टाकलेला पत्र्याचा कूलर, मागून रिक्षांचे आवाज)

हा आवाज ऐका. घुंऽऽ. मोटार घुमतेय पण पंखा काय जागचा हलेना. लाकडी काडीनं पातं जरा ढकललं की फिरायला लागतंय, म्हणजे बहुतेक मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेलाय, अगदी स्वस्तातलं काम आहे, त्याच्यासाठी अख्खी मोटार बदलून घेऊ नका.

होळी झाली की सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानासमोर असे कूलर ओळीनं दिसणार. कुणी रिक्षात घालून आणलाय, कुणी हातगाडीवर. सगळ्यांना आजच्या आज पाहिजे, कारण गच्चीवरचा माळ्यावरचा कूलर लोकांना आठवतो तोच मुळी ऊन चटके द्यायला लागल्यावर, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४३-४४ ला टेकतो हे काय नव्यानं सांगायला नको.

आता पंप उघडतायत बघा. दुकानातल्या मेकॅनिक अण्णांनी स्क्रूड्रायव्हरनं झाकण काढलं, आतला छोटा पंखा दिसतोय का? नाही दिसत. पांढरा थर बसलाय, चुन्यासारखा, आणि त्यात कापसाचे तंतू गुंडाळलेत, हे घर यंत्रमागाच्या शेडजवळचं असणार. अण्णा गिऱ्हाइकाला म्हणतात, "काय बे, पाणी तसंच ठेवून बांधून टाकलता काय?" गिऱ्हाईक नुसतं हसतंय.

तर मुद्दा हाच आहे. कूलर खराब झालेला सापडतो मार्चमध्ये, पण तो खराब होतो जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की आपण त्याच्यावर चादर टाकून मोकळे होतो तेव्हा.

कूलरचं गणित सोपं आहे, कोरडी हवा ओल्या गवतातून नाहीतर मधाच्या पोळ्यासारख्या हनीकोंब पॅडमधून ओढायची, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की अर्ध्या युनिटापेक्षा जास्त विजेइतकी उष्णता गेली म्हणायची. सोलापूरची हवा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी, म्हणून इथं चांगला कूलर सहज दहा-बारा अंश उतरवतो, मुंबईत तोच कूलर नुसता चिकचिकाट करेल. पण उडतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं पाणी घालत असाल तर आठवड्याभरात टाकीतलं पाणी आणखी जड होतं, मग वरून कितीही ताजं ओता. म्हणून अधूनमधून टाकी पूर्ण रिकामी करायला लागते. आता नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरात हे सांगणं जरा जीवावर येतं, मान्य आहे, पण ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं की.

पॅडवर पांढरे डाग पडले तर पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून पंप थोडा वेळ चालवा, नंतर साध्या पाण्यानं धुवा. संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको, हनीकोंब कागदाचा असतो, लगदा होतो. गवत मात्र दरवर्षी नवीन घाला, जुन्याला वास मारतो आणि ते खाली बसलं की वरून हवा कोरडीच आत येते.

(पडद्यावर: थ्री पिनचा जवळून शॉट)

इथं जरा थांबू. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, हातात बादली. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येतेच. बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही फेज, म्हणजे करंट, आत असतो, म्हणून पाणी भरताना पिनच काढायची. टू पिन लावून अर्थिंग तोडू नका. घराच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओतत जा. आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, जिवापुढं त्याची किंमत काहीच नाही.

आता जूनचं काम. टाकी रिकामी करायची आणि ब्रशनं घासायची, नुसती ओतून नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात, पुढच्या वर्षी पाणी घातलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. चालू सीझनमध्येही आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी ठेवायची ती ह्याच्यासाठीच. पंप काढून धुऊन घरात ठेवा, पॅड उन्हात कडकडीत वाळवा, मोटारीचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशला दोन थेंब तेल. वरून प्लास्टिक गच्च बांधू नका, आत ओल धरते आणि तळाचा पत्रा गंजतो, जुनी सोलापुरी चादर बरी.

थंडीत आपल्याकडं हीटर कोण लावतंय, पण गिझर असतो आणि क्षार तिथंही तेच. पाणी तापायला वेळ लागायला लागला, आत कडकड आवाज यायला लागला की कॉइल खरवडून घ्यायची वेळ झाली.

राहिला एसी. आतल्या युनिटची धूळ अडवणारी जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, यंत्रमागांच्या भागात आठवड्यालाच, हे घरी जमतं, मेकॅनिक कशाला. बाहेरचं युनिट धुळीनं भरलं की एसी गार करत नाही आणि बिल वाढतं. आणि आलेला माणूस उघडल्या उघडल्या "गॅस कमी झालाय" म्हणाला तर लगेच भरून घेऊ नका. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो कमी झालाय म्हणजे कुठंतरी लीक आहे, ते आधी दाखव म्हणायचं, मग पैशाचं बोलायचं.