सॉक, ब्ल्यू, बेड

सॉक, ब्ल्यू, बेड. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना राहायला ठेवून सांभाळतात तिथे, नवीन आलेल्या आजींना हे तीन शब्द ऐकवतात, आजींनी ते लगेच म्हणून दाखवायचे, मग साल कोणतं, महिना कोणता, आज वार काय, आणि एवढं झाल्यावर मघाचे तीन शब्द आठवून सांगायचे. नाही आठवलं तर हिंट मिळते, "अंगावर घालायचं काहीतरी होतं बघा", पण मग दोनऐवजी एकच मार्क. एकूण मार्क 15. सात किंवा त्याच्या खाली आले की डोकं बरंच साथ सोडतंय असं धरतात.

मग मूड. मागच्या 14 दिवसांत कशात मन लागलं नाही असं झालं का, उदास वाटलं का, आणि किती दिवस. एकूण प्रश्न नऊ, पण ऑक्टोबर 2023 पासून पहिल्या दोनात काही सापडलं नाही तर पुढचे सात विचारतच नाहीत. मला हे काही पटत नाही. म्हातारी माणसं उदास आहे असं सांगतात कुठे, ती सांगतात झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि झोपेचा नि भुकेचा प्रश्न नेमका त्या सातात!

पण त्याआधी एक तपासणी होते, अॅडमिशनच्या आधीच. तिची गोष्ट जुनी आहे. 1955 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर पेशंट होते, पुढे ती रिकामी करायला घेतली, 1965 मध्ये मेडिकेड आलं, म्हणजे गरिबांच्या उपचारांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात ती योजना, आणि त्यात मेख अशी की 65 च्या आतला पेशंट मनोरुग्णालयात असेल तर केंद्राचा पैसा नाही, नर्सिंग होममध्ये असेल तर आहे. मग काय, राज्यांनी माणसं तिकडे सरकवली. त्यातल्या कितीतरी जणांना नर्सिंगची गरज नव्हती, आणि जी होती ती ट्रीटमेंट तिथे मिळत नव्हती.

म्हणून 1987 चा कायदा. मेडिकेडचं सर्टिफिकेट असलेल्या नर्सिंग होममध्ये कोणीही येवो, पैसे कोणीही भरो, आधी बघायचं की गंभीर मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व आहे का. शंका आली तर सविस्तर तपासणी, आणि तीही नर्सिंग होमने स्वतः नाही करायची. या माणसाला इथे राहायची खरंच गरज आहे का, की थोडी मदत दिली तर बाहेर राहील? मला तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. पण पहिला फॉर्म बरेचदा हॉस्पिटलमध्ये डिस्चार्जच्या घाईत भरला जातो, आणि घाईत टिक मारली की हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आणि हो, आत गेल्यावर भाषा कोणती, दुभाषा हवाय का, हेही विचारतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी आजोबांच्या घरच्यांनी तिथे सरळ हो म्हणावं. मुलाने शेजारी बसून भाषांतर करू नये, कारण मूडच्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटतं का हा असतो, आणि पोटच्या पोराला कोण सांगणार ते.