काकी विचारतात, 'हाड कुणाचं?'

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. तिसऱ्यांचे वाटे मांडलेत. असल्याच शिंपल्या भाजून गोव्यात पूर्वी चुना करायचे, घरं त्यावर उभी राहायची. शिंपल्यात कॅल्शियम, हाडातही कॅल्शियम. शिंपल्यात जोडीला कार्बोनेट, हाडात फॉस्फेट, एवढंच.

बाजारामागच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या काकी विचारतात, "हाड घालणार म्हणता, पण कुणाचं?"

प्रश्न रास्त आहे. गाईच्या हाडापासून केलेले कण मिळतात, मृत दात्याच्या हाडाचेही. काकींना दोन्ही नकोत.

"काकी, हे कारखान्यात बनलेलं," म्हणत डॉक्टर कुपी पुढे करतात. आत पांढरे कण, जाड रव्याएवढे.

दाढ काढून वर्ष झालं. एवढ्या काळात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. नवा दात ज्यावर बसवतात, तो इम्प्लांटचा स्क्रू बसायला आता जागाच उरलेली नाही.

हिरडी उघडली. कण काकींच्याच रक्तात कालवले, की ओल्या लाल वाळूसारखा गोळा होतो. तो खाचेत भरायचा, वर पातळ पडदा, मग टाके. पडदा का? हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. पडदा नसला तर हिरडीच जागा बळकावते.

जाहिराती याला 'कृत्रिम हाड' म्हणतात. मला ते पटत नाही. ही परांची आहे. कणांतल्या बारीक छिद्रांतून रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग हाडाच्या पेशी, आणि हाड बांधतं ते शरीरच. परांची किती दिवस टिकावी, खरी मेख तिथे. हे कण दोन प्रकारच्या कॅल्शियम फॉस्फेटचे असतात: ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत विरघळू लागतं, हायड्रॉक्सीॲपेटाइट वर्षानुवर्षं राहतं. म्हणून बहुतेकदा दोन्हींचं मिश्रण वापरतात.

कल्पना जुनी. 1892 साली एका जर्मन डॉक्टरानं हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरल्या होत्या. पण ते फार लवकर विरघळतं. 1969 मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाला घट्ट चिकटणारी काच शोधली. हो, काच!

"कुर्ल्या कधी खायच्या?" टाके पडताच काकींचा दुसरा प्रश्न.

"सध्या त्या बाजूनं नको."

सहा महिन्यांनी एक्स-रे. कण अजून दिसतात, कडा मात्र पुसट झाल्यात. डॉक्टर ड्रिल लावतात. भोकातून रक्त झिरपतं, आणि ते मान डोलावतात. कोरडं निघालं असतं, तर काळजी होती.