रस्त्याची रेघ कागदावर असतानाच

महामार्गाचं मातीकाम सुरू असताना खापरं सापडली, हाडं सापडली, अशी बातमी आली की लोकांना आनंद होतो. मला काळजी वाटते. तोवर आखणी पक्की झालेली असते, भूसंपादन उरकलेलं असतं, ठेकेदाराची मुदत चालू झालेली असते. मग पुरातत्त्वज्ञाच्या हाती एवढंच उरतं की जे निघेल ते नोंदवून घ्यायचं.

आयर्लंडमध्ये तारा ही प्राचीन राजांची टेकडी मानली जाते. तिच्या जवळून एम-३ हा मोटरवे न्यायचं ठरलं. रस्त्याची जागा ठरल्यानंतर, २००७ साली, लिसमलिन इथे लोहयुगातलं सुमारे ८० मीटर व्यासाचं रिंगण उघडं झालं. लाकडी खांबांचं. जमिनीवर त्याची कसलीही खूण नव्हती. सरकारने ते राष्ट्रीय स्मारक ठरवलं, पण रस्ता हलला नाही. उत्खनन करून नोंदी झाल्या आणि २०१० मध्ये तिथून वाहतूक सुरू झाली.

लाकूड कुजून कधीच संपलेलं, मग रिंगण दिसलं कसं? खांब रोवायला खणलेला खड्डा पुढे वेगळ्या मातीने भरतो आणि आजूबाजूच्या मातीत तो गडद गोल डागासारखा उरतो. म्हणून वरची माती काढताना यंत्राला दात नसलेली बादली लावतात. ती पातळ थर सोलत जाते आणि एक जाणता माणूस शेजारी उभा राहून मातीचा रंग बघत राहतो. या कामाचं सगळं मर्म त्या नजरेत आहे.

त्याआधीच्या पायऱ्या अशा: जुने नकाशे, शेतं पायी तुडवून खापरं वेचणं, हवाई छायाचित्रं. या छायाचित्रांत पिकाचा रंग बघतात: कोरड्या दिवसांत मातीने भरलेल्या जुन्या चरावरचं पीक जास्त काळ हिरवं राहतं, गाडलेल्या भिंतीवरचं लवकर पिवळं पडतं. न खणता मातीतले चुंबकीय फरक मोजतात, त्या चुंबकीय सर्वेक्षणात भट्ट्या, जळकी माती, भरलेले चर छान उमटतात. खांबांचे छोटे खड्डे मात्र त्यातून सहज निसटतात. म्हणून चाचणी चर, म्हणजे जागोजागी खणून बघायचे अरुंद पट्टे, हवेतच. तेही साधारण दोन ते पाच टक्केच क्षेत्र उघडतात, म्हणजे अंदाज चुकायला जागा राहतेच. यासाठीच मी म्हणतो की हे सगळं पर्यायी मार्गांची तुलना चालू असतानाच करा. कागदावरची रेघ तेव्हा खोडता येते.

आणि रस्त्याने मिळतं ते दुसऱ्या कशाने मिळत नाही. पुरातत्त्वज्ञ स्वतःहून निवडणार नाही अशा साध्या शेतांतून तो सरळ जातो. इंग्लंडमध्ये केंब्रिज ते हंटिंग्डन या ए-१४ रस्त्याच्या कामाआधी २०१६ ते २०१८ या काळात अडीचशेपर्यंत पुरातत्त्वज्ञ राबले. रोमन काळातल्या भांड्यांच्या भट्ट्या निघाल्या, ओस पडलेली मध्ययुगीन गावं निघाली. राजवाडे नव्हेत, माणसांची रोजची वस्ती! मला याचं फार अप्रूप आहे.

पैशाचा प्रश्न नेहमी येतो. युरोपातल्या देशांनी १९९२ च्या व्हॅलेटा करारात त्याचं उत्तर दिलं आहे. पुरातत्त्वाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरायचा, पर्यावरणाच्या अभ्यासाचा धरतात तसा. त्यात नुसतं खणणं येत नाही. आधीची पाहणी येते आणि नंतरच्या सगळ्या नोंदी छापून लोकांपर्यंत पोचवणंही येतं.